सर्व्हिस डेस्कमध्ये मल्टी-टेनन्सी घ्यायची की नाही: निर्णयाची पायरीवार पद्धत

सर्व्हिस डेस्क म्हणजे लोकांच्या मदतीच्या मागण्या टिकट म्हणून नोंदवून सोडवणारी व्यवस्था. एकाच डेस्कवर अनेक कंपन्या एकमेकांपासून झाकून ठेवणं म्हणजे मल्टी-टेनन्सी, आणि अशी प्रत्येक कंपनी म्हणजे टेनंट. ती घ्यायची की नाही, हा निर्णय बहुतेक टीम उलट्या क्रमाने घेतात. आधी डेमो बघतात. डेमोत वरच्या कोपऱ्यातल्या यादीतून कंपनी बदलली की लोगो, रंग, टिकटं सगळं बदलतं. ते बघून मंडळी खूश होतात आणि मग हे आपल्याला कशासाठी हवं होतं याची कारणं शोधायला बसतात. वर्षभराने चित्र असं असतं: पासवर्ड रीसेटसारखं साधं टिकट पाच टेनंटमध्ये पाच वेगळ्या फॉर्मवर, आणि ते सांभाळणारा ॲडमिन मात्र एकच.

खालचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवलाय. कोणापासून काय लपवायचं, हे आधी. कुंपण कोण ओलांडणार, हे त्यानंतर. प्रॉडक्टचं नाव चौथ्या टप्प्याआधी काढायचंच नाही.

## आधी शब्दाचा घोळ मिटवा

मल्टी-टेनन्सी हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि मीटिंगमध्ये अर्धी माणसं एका अर्थाने तर अर्धी दुसऱ्या अर्थाने बोलत असतात.

पहिला अर्थ व्हेंडरच्या बाजूचा. क्लाउडवर एकच यंत्रणा अनेक ग्राहक वापरतात आणि तुम्ही त्यांतले एक. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली तिच्यात हा शब्द याच अर्थाने येतो. त्यावर तुमचा फारसा ताबा नसतो.

दुसरा अर्थ तुमच्या घरातला. तुम्ही घेतलेल्या एकाच इन्स्टन्समध्ये (सॉफ्टवेअरच्या एका चालू प्रतीत) अनेक कंपन्या किंवा क्लायंट ठेवायचे, प्रत्येकाचा डेटा दुसऱ्यापासून झाकलेला, आणि सगळ्यांना सेवा देणारा डेस्क एकच. हा लेख फक्त याबद्दल आहे.

दोन्हींचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही. सर्व्हिसनाऊ ही सॉफ्टवेअर कंपनी प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र इन्स्टन्स आणि स्वतंत्र डेटाबेस देते, म्हणजे पहिल्या अर्थाने ती मल्टी-टेनंट नाही. पण त्याच इन्स्टन्सच्या आत डोमेन सेपरेशन नावाची सोय आहे, ती दुसऱ्या अर्थाची मल्टी-टेनन्सी. त्यामुळे "तुमचं प्रॉडक्ट मल्टी-टेनंट आहे का?" असं व्हेंडरला विचारण्यात अर्थ नाही. तो हो म्हणेल, आणि त्या 'हो'मधून तुम्हाला काहीच कळणार नाही. काय विचारायचं ते पाचव्या टप्प्यात आहे.

## तयारी: बसण्याआधी समोर काय हवं

- गेल्या तीन महिन्यांच्या टिकटांची सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल): मागणारा, त्याची कंपनी, कोणत्या ग्रुपकडे गेलं, कोणी बंद केलं.
- एजंटांची (टिकटं सोडवणाऱ्या माणसांची) यादी आणि प्रत्येक जण प्रत्यक्षात कोणाकोणासाठी काम करतो. रोलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या अधिकारांच्या संचात) लिहिलंय ते नको, सीएसव्हीत दिसतं ते घ्या.
- टिकट तयार करणारे सगळे ईमेल पत्ते, फॉर्म आणि मॉनिटरिंग टूल.
- इंटिग्रेशनची (इतर सॉफ्टवेअरशी असलेल्या जोडण्यांची) यादी आणि प्रत्येक इंटिग्रेशन कोणत्या खात्याने लॉग इन करतं.
- दर आठवड्याला किंवा महिन्याला बाहेर जाणारे रिपोर्ट, आणि ते कोणाला जातात.
- क्लायंट किंवा समूहातल्या कंपन्यांशी झालेले करार: गोपनीयता, डेटा कुठे ठेवायचा आणि करार संपल्यावर काय, एवढी कलमं.

शेवटची गोष्ट मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. करार तुमच्याकडे नसतात, कायदा विभागाकडे असतात. त्यांना मेल आजच टाका.

तपासा: सीएसव्हीत कंपनीचा रकाना किती टिकटांना रिकामा आहे? किती ठिकाणी एकाच कंपनीचं नाव चार प्रकारे लिहिलंय? हा रकाना धड नसेल तर पुढचं सगळं हवेत आहे. मल्टी-टेनन्सीचा प्रत्येक नियम शेवटी याच एका रकान्यावर टेकतो. उद्या भिंती उभ्या केल्यावर रिकाम्या रकान्याची टिकटं एकतर कोणालाच दिसणार नाहीत किंवा सगळ्यांना दिसतील. कोणतं ते प्रॉडक्ट ठरवेल.

## टप्पा १: कोणापासून काय लपवायचं

एक तक्ता करा. डावीकडे गट: क्लायंट, उपकंपन्या, विभाग, जे काही असेल ते. वर सहा रकाने: टिकटं, माणसांची यादी, असेट आणि सीएमडीबी (उपकरणं, यंत्रणा आणि त्यांच्या परस्परसंबंधांची नोंद), नॉलेज बेस (मदतीचे लेख), सर्व्हिस कॅटलॉग (मागता येणाऱ्या सेवांची यादी), रिपोर्ट. प्रत्येक चौकोनात एकच प्रश्न: इतर गटातल्या माणसाला हे दिसलं तर काय होईल?

उत्तर तीनपैकी एका शब्दात लिहा.

सोय: दिसलं तर गर्दी वाटेल, नुकसान काही नाही.
धोरण: दिसू नये असं आपण ठरवलंय, उद्या बदलूही शकतो.
बंधन: दिसलं तर करार मोडतो, कायदा मोडतो किंवा क्लायंट जातो.

मल्टी-टेनन्सीचा विचार करायचा तो 'बंधन' लिहिलेल्या चौकोनांसाठी. 'सोय'साठी फिल्टर आणि सेव्ह केलेले व्ह्यू पुरतात, 'धोरणा'साठी रोल आणि ग्रुप. हा तक्ता मनापासून भरला तर बऱ्याच जणांचा खोकला सुंठीवाचून जातो.

इथे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे विभागाला टेनंट समजणं. मनुष्यबळ विभाग म्हणतो, आमची टिकटं आयटीवाल्यांना दिसता कामा नयेत. मागणी रास्त आहे. पण तक्त्यात बघा: बंधन फक्त 'टिकटं' या एका रकान्यात आहे. माणसांची यादी तीच, असेट तेच, नव्या माणसाच्या पहिल्या दिवसाचं काम तर दोन्ही विभागांना मिळूनच करायचं असतं. त्यांच्यामध्ये टेनंटची भिंत घातली की लॅपटॉप मागवायला मनुष्यबळाला दुसऱ्या घराचं दार ठोठवावं लागतं. अशा वेळी मर्यादित परवानगीचं टिकट किंवा विभागासाठी वेगळी वर्कस्पेस हवी. फ्रेशसर्व्हिस या सॉफ्टवेअरमधल्या वर्कस्पेस याच कामासाठी आहेत.

सावधान: "सगळंच गोपनीय आहे" असं उत्तर आलं तर थांबा आणि विचारा: आज ते कोणाकोणाला दिसतंय? आज सगळ्यांना दिसत असून कोणाचं काही बिघडलं नसेल तर ते 'बंधन' नाही. उलटही घडतं. आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही म्हणून चाललंय, पण करारात स्पष्ट मनाई आहे. म्हणून कराराची कलमं समोर हवीत.

## टप्पा २: वेगळी पद्धत म्हणजे वेगळा टेनंट नव्हे

"त्यांचा एसएलए (ठरलेल्या वेळेत सेवा देण्याची हमी) वेगळा आहे", "त्यांच्याकडे मंजुरी दोन पातळ्यांवर लागते", "त्यांना मेल दुसऱ्या भाषेत जातो". ही तिन्ही वाक्यं पद्धतीबद्दल आहेत, डेटा लपवण्याबद्दल नाहीत. कंपनी या रकान्यावर अट लावून एसएलए, मंजुरी आणि मेलचा मजकूर बदलणं बऱ्याच डेस्क सॉफ्टवेअरमध्ये टेनंटशिवायही जमतं.

म्हणून दुसरी यादी करा, फक्त फरकांची. प्रत्येक फरकापुढे लिहा: तो खरंच हवाय, की सवयीने चालत आलाय? प्राधान्याच्या चार पातळ्यांना एका कंपनीत पी१ ते पी४ म्हणतात आणि दुसरीत 'तातडीचं' ते 'साधं', तर तो फरक सांभाळत बसू नका.

हा टप्पा झटपट होतो. तो टाळला तर मात्र सातव्या टप्प्यात महाग पडतो.

## टप्पा ३: कुंपण कोण ओलांडणार

नेमकं इथेच घोडं पेंड खातं, त्यामुळे इथे वेळ द्या.

सीएसव्हीतून प्रत्येक एजंटने किती वेगवेगळ्या गटांची टिकटं हाताळली ते मोजा. साधारण तीन चित्रं निघतात.

प्रत्येक गटाचे एजंट पूर्ण वेगळे. एकत्र काहीच नाही. मग एकाच इन्स्टन्सचा अट्टहास का? फक्त लायसन्सच्या घासाघीसीसाठी असेल तर दोन स्वतंत्र इन्स्टन्सचा भाव काढून बघा. भिंत घालण्यापेक्षा दोन वेगळी घरं सोपी असतात.

पहिली फळी एकत्र, दुसरी-तिसरी वेगळी. मल्टी-टेनन्सीला खरा वाव इथे आहे. फोन उचलणाऱ्या एजंटला सगळ्यांची टिकटं एका रांगेत हवीत, पण तज्ज्ञांना फक्त आपल्या क्लायंटची.

सगळे एजंट सगळीकडे. छोट्या सेवा कंपन्यांत हेच असतं. इथे एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्या. भिंत क्लायंटला क्लायंटपासून झाकेल. तुमच्या एजंटपासून कोणाचंच काही झाकणार नाही. क्लायंटने ऑडिटमध्ये "आमचा डेटा कोणकोण बघतं?" असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर 'आमचे सगळे एजंट' हेच राहील. त्याला ते चालणार नसेल तर आधी टीमची रचना बदलावी लागेल, सॉफ्टवेअर नंतर.

ओलांडणाऱ्यांच्या यादीत एजंटांखेरीज आणखी चौघं असतात आणि तेच विसरले जातात.

*रिपोर्ट करणारा.* त्याला सगळ्यांचे आकडे एकत्र हवे असतात. बीआय टूलने (आकडेवारीच्या सॉफ्टवेअरने) थेट डेटाबेसमधून किंवा सगळ्या परवानग्या असलेल्या एपीआय खात्याने (माणसाऐवजी दुसरं सॉफ्टवेअर वापरतं त्या खात्याने) डेटा उचलला की भिंतीच्या मागच्या बाजूने रस्ता तयार झाला.

*चेंज मॅनेजर.* यंत्रणांमधले बदल हा सांभाळतो. सर्व क्लायंटसाठी एकच फायरवॉल असेल तर तिच्यावरचा बदल सगळ्यांना लागू होतो. तो चेंज कोणत्या टेनंटमध्ये नोंदवणार?

*मेजर इन्सिडंट (मोठा बिघाड) हाताळणारा.* एका लिंकच्या बिघाडाने चार क्लायंट बंद पडले, एक मूळ टिकट आणि त्याला जोडलेली चार टिकटं झाली. मूळ टिकटावर लिहिलेली नोंद आपोआप चारही टिकटांत उतरते. त्या नोंदीत एका क्लायंटचं नाव आलं तर ते उरलेल्या तिघांनी वाचलेलं असतं.

*दोन ठिकाणी असलेला माणूस.* समूहाचा वित्तप्रमुख तीन उपकंपन्यांत सही करतो आणि त्याचा ईमेल एकच. बऱ्याच प्रॉडक्टमध्ये ईमेल हीच माणसाची ओळख असते आणि एक माणूस एकाच टेनंटचा असू शकतो. त्याची मंजुरी अडकली की गाडं तिथेच थांबतं.

तपासा: या चौघांपैकी प्रत्येकासाठी एक वाक्य लिहून झालं का: "त्याला हे दिसेल, हे दिसणार नाही, आणि तो इथून काम करेल"? एकाही वाक्यात 'बघू' हा शब्द असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: चार पर्याय, हलक्यापासून जडाकडे

आता प्रॉडक्टकडे वळायचं. पर्याय खालून वर चढत तपासा आणि तक्त्यातली सगळी 'बंधनं' जिथे भागतात तिथे थांबा.

१. रोल आणि ग्रुप. डेटा एकच, परवानग्या वेगळ्या. विभागांसाठी बहुधा एवढं पुरतं.

२. ग्राहकाच्या बाजूची विभागणी. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट या सॉफ्टवेअरमधली ऑर्गनायझेशन याचं उदाहरण. एका ऑर्गनायझेशनमधल्या ग्राहकांना आपसात टिकटं शेअर करता येतात, इतरांची दिसत नाहीत. पण त्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्या एजंटला, वेगळी सुरक्षा पातळी लावली नसेल तर, सगळ्या ऑर्गनायझेशनची टिकटं दिसतात. तिसऱ्या टप्प्यात तुमचं चित्र 'सगळे एजंट सगळीकडे' असं असेल तर हाच पर्याय नेमका बसतो आणि पुढे जायची गरज नाही.

३. खरी मल्टी-टेनन्सी. माणसं, असेट, टिकटं आणि बऱ्याचदा नियमसुद्धा टेनंटनुसार वेगळे. जीएलपीआय या सॉफ्टवेअरमध्ये याला एंटिटी म्हणतात आणि त्या झाडासारख्या एकाखाली एक असतात. वरच्या एंटिटीतली नोंद खालच्यांना दाखवायची की नाही हे नोंदीगणिक ठरवता येतं. मॅनेजइंजिनने तर सेवा कंपन्यांसाठी सर्व्हिसडेस्क प्लस एमएसपी असं वेगळं प्रॉडक्टच काढलंय, त्यात क्लायंटला अकाउंट म्हणतात. सर्व्हिसनाऊच्या डोमेनमध्ये डेटा आणि पद्धत उलट दिशांनी वाहतात: खालच्या डोमेनचा डेटा वरच्याला दिसतो, वरच्याची पद्धत खालच्याला लागू होते. हे वाक्य दोनदा वाचा. झाड चुकीचं मांडलं तर एका क्लायंटसाठी लिहिलेला नियम भलत्यालाच लागतो.

४. स्वतंत्र इन्स्टन्स. डेटा ठरावीक देशातच हवा, एन्क्रिप्शनची किल्ली क्लायंटच्या ताब्यात हवी, अपग्रेडची तारीख क्लायंट ठरवणार, किंवा कंपनी विकली जाणार आहे. यातलं एक जरी लागू असेल तर सरळ इथे या. विकल्या जाणाऱ्या कंपनीला टेनंट म्हणून आत घेणं म्हणजे काही महिन्यांनी तीच भिंत पुन्हा फोडायचं काम ओढवून घेणं.

मिश्र उत्तरही चालतं. सात क्लायंट एका इन्स्टन्समध्ये आणि कडक अटींचा आठवा बाहेर, यात लाजायचं काही नाही. त्या आठव्यासाठी बाकी सातांवर भिंतींचा भार टाकणं वाईट.

सावधान: तिसऱ्या पर्यायावरून मागे फिरणं अवघड असतं. पहिल्यावरून तिसऱ्यावर नंतर जाता येतं, त्रास होतो पण जमतं. उलट येताना प्रत्येक नोंदीला चिकटलेली टेनंटची खूण, वेगवेगळे झालेले फॉर्म आणि एकाच माणसाच्या तीन प्रती उसवाव्या लागतात. शंका असेल तर खालच्या पायरीवर थांबा.

## टप्पा ५: व्हेंडरला विचारायचे प्रश्न

उत्तर शब्दांत घेऊ नका. स्क्रीनवर करून दाखवायला सांगा.

1. एका टेनंटचा डेटा कालच्या स्थितीला परत आणायचाय, बाकीच्यांना धक्का न लावता. कसा आणाल?
2. एक टेनंट निघून गेला. त्याची टिकटं, जोडलेल्या फाइल्स, संवाद आणि ऑडिट लॉग (कोणी कधी काय केलं याची नोंद) त्याला द्या आणि तुमच्याकडून पुसा. किती पायऱ्या?
3. टिकटाला जोडलेल्या फाइलची लिंक लॉग इन न करता उघडते का?
4. शेड्यूल केलेले जॉब आणि ऑटोमेशन कोणाच्या अधिकाराने चालतात?
5. टिकटाचे क्रमांक सगळ्यांचे एकाच मालिकेत आहेत की टेनंटनुसार? एकाच मालिकेत असतील तर सोमवारच्या आणि शुक्रवारच्या टिकटाचा क्रमांक बघून कोणताही क्लायंट तुमच्या सगळ्या डेस्कवरचा आठवड्याचा भार काढू शकतो.
6. 'अशाच प्रकारची टिकटं' सुचवणारी सोय किंवा चॅटबॉट कोणत्या टेनंटच्या डेटावर उत्तर देतो?
7. टेनंटची भिंत पार करणारे अधिकार कोणत्या रोलला आहेत, आणि त्यांतलं तुमच्या सपोर्ट टीमकडे काय आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डेटा कसा साठवलाय यावर ठरतं. ढोबळ रीती तीन: प्रत्येक टेनंटला वेगळा डेटाबेस, डेटाबेस एक पण स्कीमा (त्यातले टेबलांचे गट) वेगळे, किंवा टेबलंही तीच आणि प्रत्येक ओळीवर टेनंटची खूण. पहिल्या रीतीत एकाचाच बॅकअप परत आणणं सरळ असतं. तिसरीत त्याच टेबलांतून एकाच्याच ओळी निवडून मागे न्याव्या लागतात, आणि ते काम बहुतेक वेळा कोणी आधी करून पाहिलेलं नसतं.

सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवणार असाल आणि खाली पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर आणखी एक गोष्ट बघा. त्यात ओळीगणिक सुरक्षा (कोणाला कोणती ओळ दिसेल हे डेटाबेसनेच ठरवणं) ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. पण सुपरयूजरला (सर्व अधिकार असलेल्या खात्याला) ती लागू होत नाही आणि टेबलाच्या मालकालाही, तसं मुद्दाम सक्तीचं केलं नसेल तर, लागू होत नाही. ॲप्लिकेशन टेबलाच्या मालकाच्याच खात्याने जोडलेलं असेल तर नियम लिहिलेले असूनही कोणालाच अडवत नाहीत.

## टप्पा ६: गळतीची चाचणी

करार करण्याआधी ट्रायल किंवा सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत) दोन टेनंट उभे करा, 'क' आणि 'ख'. खरा डेटा अजिबात नको.

'क'मध्ये एक असा शब्द पेरा जो दुसरीकडे येण्याची शक्यताच नाही, 'झुंबरकासव' म्हणा. तो टिकटाच्या शीर्षकात, वर्णनात, अंतर्गत नोंदीत, जोडलेल्या फाइलच्या नावात, फाइलच्या आत, असेटच्या नावात, नॉलेज लेखात आणि एका माणसाच्या आडनावात टाका. मग 'ख'चा साधा ग्राहक, 'ख'चा एजंट आणि 'ख'चा ॲडमिन अशा तीन खात्यांनी आत जाऊन तो शोधा:

- मुख्य शोध, आणि टाइप करताना खाली उमटणाऱ्या सूचना
- सीसी आणि 'नियुक्त करा' या रकान्यांतल्या माणसांच्या याद्या
- टिकट एकमेकांत विलीन करण्याची किंवा जोडण्याची खिडकी
- रिपोर्टमधले फिल्टर, कारण तिथे नावं डोकावतात
- सीएसव्ही एक्स्पोर्ट, मोबाइल ॲप, एपीआय
- 'क'च्या टिकटाची लिंक सरळ 'ख'च्या खात्यातून उघडून
- लिंकमधला क्रमांक एकाने कमी-जास्त करून

शेवटच्या दोन चाचण्या पोरखेळ वाटतील. वेब ॲप्लिकेशनमधल्या सुरक्षा-त्रुटींच्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत पहिला क्रमांक होता तो प्रवेश-नियंत्रणातल्या चुकांचा, आणि क्रमांक बदलून दुसऱ्याची नोंद उघडणं हा त्यातलाच प्रकार.

मी स्वतः पाहिलेली गळती मात्र याहून साधी होती. एका क्लायंटच्या माणसाने पोर्टलवर सीसीमध्ये सहकाऱ्याचं नाव टाइप करायला घेतलं आणि खाली सूचनांमध्ये त्याच्या थेट स्पर्धक कंपनीतल्या तिघांची नावं ईमेलसकट उमटली. टिकट एकही दिसलं नव्हतं. पण तो स्पर्धकही आमचाच क्लायंट आहे एवढं कळलंच, आणि तेच त्याला कळायला नको होतं. आमच्या तक्त्यात 'माणसांची यादी' हा रकानाच नव्हता.

ईमेलची चाचणी वेगळी करा. 'क'च्या पत्त्यावर 'ख'च्या माणसाने मेल टाकला तर टिकट कुठे जातं? 'क'च्या टिकटाला आलेलं उत्तर 'ख'ला फॉरवर्ड झालं आणि त्याने त्यालाच उत्तर दिलं, तर त्याचा मजकूर 'क'च्या टिकटात शिरतो का? सार्वजनिक मेलसेवेच्या पत्त्यावरून कोणी अनोळखी मेल आला तर? बरीच प्रॉडक्ट मेल डोमेनवरून कंपनी ओळखतात, आणि सल्लागार, कंत्राटी माणसं, नुकत्याच विकत घेतलेल्या कंपन्या तिथे हमखास चुकीच्या खोलीत जातात.

तपासा: प्रत्येक चाचणीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवला का? प्रत्येक मोठ्या अपग्रेडनंतर हीच यादी पुन्हा चालवायची आहे, त्यामुळे ती कोणाच्या डोक्यात नको, कागदावर हवी.

## टप्पा ७: सांभाळण्याचा हिशोब

लायसन्सची किंमत सगळे काढतात. सांभाळण्याची कोणी काढत नाही, आणि ती गुणाकाराने वाढते.

सहा टेनंट धरा. प्राधान्याच्या चार पातळ्या, प्रत्येकीला प्रतिसादाचं आणि निराकरणाचं अशी दोन उद्दिष्टं: ६ × ४ × २, म्हणजे ४८ एसएलए उद्दिष्टं. सूचनांचे दहा मजकूर दोन भाषांत: ६ × १० × २, म्हणजे १२० मजकूर. यात कामाचे तास, सुट्ट्यांची कॅलेंडरं, मंजुरीच्या साखळ्या आणि फॉर्म अजून धरलेच नाहीत. सगळ्या मजकुरांखालची एकच तळटीप बदलायची तर १२० ठिकाणी.

दुसऱ्या टप्प्यात फरकांना कात्री का लावली ते इथे कळतं. नियम साधा ठेवा: मूळ मांडणी एकच, टेनंटला फक्त ठरलेल्या चार-पाच गोष्टी बदलता येतील (लोगो, एसएलएचे आकडे, कॅलेंडर, मंजुरी देणारे, भाषा). त्यापलीकडची मागणी लेखी, कारणासह, आणि क्लायंटच्या खर्चाने. शेवटची अट घातली की निम्म्या मागण्या आपसूक मागे घेतल्या जातात.

लायसन्सच्या हिशोबातही एक खोच असते. एकच एजंट चार टेनंटमध्ये काम करतो, तो एक मोजला जातो की चार? लेखी घ्या.

सावधान: ॲडमिन एकच असेल आणि टेनंट सहा, तर तो रजेवर गेला की सहाही ठिकाणचे बदल थांबतात. टेनंटच्या पातळीवर मर्यादित ॲडमिन नेमता येतो का, आणि त्याला शेजाऱ्याच्या मांडणीला हात लावता येत नाही ना, हे सहाव्या टप्प्याच्या यादीत जोडा.

## टप्पा ८: निर्णयाची टिपणी

एक पान. त्यात पाच गोष्टी: कोणत्या 'बंधनां'साठी हे करतोय (कराराच्या कलमासकट), चारपैकी कोणता पर्याय, त्याच्या खालचा पर्याय का पुरला नाही, कुंपण ओलांडणाऱ्यांची नावानिशी यादी, आणि टेनंट बाहेर कसा पडेल.

शेवटचा मुद्दा आत्ताच लिहायचा. युरोपातल्या व्यक्तींचा डेटा असेल आणि जीडीपीआर (युरोपीय संघाचा डेटा-संरक्षण कायदा) लागू होत असेल तर कलम २८ नुसार सेवा संपल्यावर वैयक्तिक डेटा परत करणं किंवा पुसणं हे करारातच यावं लागतं. कलम ३३ नुसार डेटा फुटल्याचं कळल्यापासून, शक्य असेल तर ७२ तासांत, क्लायंटला नियामकाकडे कळवावं लागतं, आणि तुम्ही त्याला विनाविलंब कळवणं अपेक्षित आहे. सहा टेनंटपैकी नेमक्या कोणाचा डेटा फुटला हे तुमच्या लॉगमधून काढता आलं नाही तर सहाही जणांना फोन करावा लागेल.

## उत्तर 'हो' असेल तर: उभारणीचा क्रम

1. कंपन्यांची मूळ यादी स्वच्छ करा, एक कंपनी एक नोंद.
2. माणसं कंपन्यांना जोडा. दोन ठिकाणच्या माणसांची यादी वेगळी काढा.
3. सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश). प्रत्येक टेनंटचा ओळख देणारा सर्व्हर वेगळा असेल तर कोणाला कुठे पाठवायचं हे इथेच ठरतं.
4. एजंटांच्या परवानग्या. सुरुवात शून्यापासून करा, जुन्या रोलची नक्कल करू नका. जुन्या रोलमध्ये 'सगळं दिसतं' हेच गृहीत असतं.
5. मेलचे पत्ते, मग इंटिग्रेशन. प्रत्येक टेनंटला वेगळं एपीआय खातं.
6. ऑटोमेशन, त्यानंतर रिपोर्ट.
7. गळतीची चाचणी पुन्हा, यावेळी खऱ्या मांडणीवर पण खोट्या डेटाने.

ऑटोमेशन परवानग्यांच्या आधी चालू करण्याचा मोह होतो, कारण ते दिसायला छान दिसतं. करू नका. अर्धवट परवानग्यांवर चाललेलं एक ऑटोमेशन एका रात्रीत शेकडो टिकटं चुकीच्या टेनंटमध्ये टाकू शकतं, आणि ती हाताने परत आणावी लागतात.

पहिल्या टेनंटसाठी सगळ्यात मोठा क्लायंट निवडू नका, सगळ्यात लहानही नको. ज्याची इंटिग्रेशन कमी पण टिकटं रोज येतात असा घ्या. महिन्याला तीन टिकटं येणाऱ्या टेनंटवर काहीच शिकायला मिळत नाही.

जुन्या टिकटांचं काय, हा प्रश्न गो-लाइव्हच्या आदल्या आठवड्यात उपटतो. उघडी टिकटं नेमून दिलेल्या टेनंटमध्ये न्या. बंद झालेली जुन्या यंत्रणेतच, फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि ती किती काळ ठेवायची ते करारातून काढा. ज्यांचा कंपनीचा रकाना शेवटपर्यंत रिकामाच राहिला ती टिकटं 'इतर' नावाच्या टेनंटमध्ये ढकलू नका. तसा टेनंट एकदा तयार झाला की वर्षभरात डेस्कवरचा सगळा गोंधळ तिथे जमतो, आणि त्याचे अधिकार मात्र सगळ्या एजंटांकडे असतात.